हीट पंप, घरगुती : जागेची निवड

हीट पंप (उष्णता पंप) : बाहेरच्या हवेतली, पाण्यातली किंवा जमिनीतली उष्णता विजेच्या जोरावर ओढून घेऊन ती घरात जास्त तापमानाला सोडणारे यंत्र. आपल्याकडचा एसी हे त्याचेच भावंड. एसी घरातली उष्णता बाहेर टाकतो, हीट पंप बाहेरची आत आणतो. एक झडप फिरवून दोन्ही कामे करणारी यंत्रेही पुष्कळ आहेत. उष्णता नव्याने निर्माण करायची नसून नुसती वाहून न्यायची असते, म्हणून एका युनिट विजेत साधारण तीन ते चार युनिट उष्णता पदरात पडते. हा आकडा यंत्राच्या प्रतीवर जितका, तितकाच ते कुठे बसवले यावरही अवलंबून असतो. ही नोंद हवेवर चालणाऱ्या पंपाच्या बाहेरच्या युनिटच्या जागेविषयी आहे. उदाहरणे मुख्यतः ब्रिटन व जर्मनीतली आहेत. तिथे घरे तापवणाऱ्या गॅस-बॉयलरच्या जागी आता हे पंप बसू लागले आहेत.

मूळ कल्पना विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांनी १८५२ मध्ये मांडली. पुढे आलेल्या मोठ्या पंपांपैकी काहींना जागेची चिंताच नव्हती, कारण शेजारी नदी होती. झुरिकच्या नगरभवनातला १९३८ सालचा पंप लिम्मत नदीच्या पाण्यातून उष्णता घेई; लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये १९५१ साली थेम्सच्या पाण्यावर तसाच प्रयोग झाला. नदीचे पाणी उष्णता देऊन पुढे निघून जाते, मागून नवे येते. घराच्या कोपऱ्यातली हवा तशी निघून जात नाही, रेंगाळते. हवेच्या पंपाला जागा शोधताना येणाऱ्या बऱ्याच अडचणी या फरकातून निघतात.

हवा किती लागते याचा अंदाज सहसा नसतो. ८ किलोवॅट उष्णता देणारा पंप त्यातली पावणेसहाच्या आसपास हवेतून घेतो. हवा पाच-सहा अंशांनी थंड करून सोडायची म्हटली, तर तासाला अडीच ते तीन हजार घनमीटर हवा जाळीतून जावी लागते. ६० चौरस मीटरच्या फ्लॅटमधली सगळी हवा दर चार मिनिटांनी ओढून बाहेर फेकावी, असे हे काम. फेकलेली थंड हवा समोरच्या कुंपणावर आपटून पुन्हा मागच्या जाळीत शिरली, तर पंप आपलाच उच्छ्वास आत घेऊ लागतो. आत येणारी हवा एका अंशाने थंड झाली की कार्यक्षमता ढोबळ मानाने २ ते ३ टक्क्यांनी घसरते. चार अंशांची घसरण झाली तर महागडे यंत्र आणि साधे यंत्र यांतला फरक तिथेच संपतो. म्हणून पाठीमागे सुमारे ३० सेंटिमीटर आणि पंख्यासमोर मीटरभर तरी मोकळीक ठेवतात. नेमकी मापे मात्र त्या-त्या यंत्राच्या पुस्तिकेत असतात आणि तीच प्रमाण मानावीत.

घरमालकाला नेमके याच्या उलट हवे असते. हे धूड दिसू नये म्हणून तो ते जिन्याखाली, दोन भिंतींच्या बेचक्यात किंवा कचऱ्याच्या डब्यांमागे ढकलू पाहतो. नॉर्वे-स्वीडनमध्ये युनिटवर लाकडी पट्ट्यांचे शोभिवंत खोपटे घालण्याची पद्धत आहे. पट्ट्या दाट असल्या की ते खोपटे हवा कोंडते. जागेच्या चुकांचे मूळ शोधू गेल्यास ते अज्ञानापेक्षा या लपवण्याच्या हौसेतच जास्त सापडेल. पंप दक्षिणेच्या उन्हात ठेवावा, हा सल्लाही वारंवार ऐकू येतो. त्यात फार तथ्य नाही. एवढी हवा सतत वाहत असताना पत्र्यावर पडलेले ऊन तिला कितीसे तापवणार? दिशेपेक्षा वाऱ्याकडे पाहावे. नेहमीचा जोराचा वारा पंख्याच्या तोंडावर येत असेल तर पंख्याला त्याच्याशी झुंजावे लागते. युनिट वाऱ्याला आडवे ठेवणे बरे.

हीच गोष्ट उलट्या अंगाने मुंबईत रोज दिसते. उंच इमारतीच्या अरुंद डक्टमध्ये एसीची आउटडोअर युनिटे एकावर एक टांगलेली असतात. खालच्याने सोडलेली गरम हवा वर चढते आणि वरच्या मजल्याचे युनिट तीच आत घेते. मे महिन्यात वरच्या मजल्यावरचा एसी ट्रिप होऊ लागला की मेकॅनिकला बोलावून गॅस तपासला जातो, कॉइल धुतली जाते, आणि दोष असतो डक्टमध्ये. थंड देशात पंपाने सोडलेली थंड हवा वर चढण्याऐवजी खाली बसते. तळघराच्या खोलगट अंगणात ठेवलेला पंप आपणच साठवलेल्या गारठ्यात बुडतो.

आवाजाचे गणित थोडे तपशिलात पाहण्याजोगे आहे, कारण शेजाऱ्यांची भांडणे बहुधा त्यावरूनच लागतात. माहितीपत्रकात दिलेली ध्वनिशक्ती आणि कानाशी पोचणारा आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ध्वनिशक्ती ६० डेसिबल असलेले युनिट जमिनीवर, भिंतीला लागून ठेवले तर एक मीटरवर सुमारे ५५ डेसिबल ऐकू येतात. अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल कमी होतात. म्हणजे चार मीटरवर ४३, आठ मीटरवर ३७. तेच युनिट दोन भिंतींच्या कोपऱ्यात सरकवले की परावर्तनामुळे सगळे आकडे ३ डेसिबलनी वाढतात. कोपऱ्यातून बाहेर काढून सरळ भिंतीपाशी आणले, तर आठ मीटरवरच्या शेजाऱ्याला ते आणखी तीनेक मीटर लांब नेल्याइतका फरक पडतो. लपवण्यासाठी निवडलेला कोपरा इथेही नडतो.

जर्मनीत निव्वळ निवासी भागात रात्रीची मर्यादा ३५ डेसिबल आहे, सर्वसाधारण निवासी भागात ४०. मोजमाप शेजाऱ्याच्या उघड्या खिडकीबाहेर अर्ध्या मीटरवर होते. वरच्या उदाहरणातल्या युनिटला ३५ वर यायला भिंतीपाशी १० मीटर अंतर लागेल, कोपऱ्यात १४. एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या रांगेत एवढे अंतर कुठून आणायचे? म्हणून तिथे कमी आवाजाचे मॉडेल किंवा रात्री पंखा-कॉम्प्रेसरचा वेग उतरवणारी सोय घ्यावी लागते. इंग्लंडमध्ये वेगळी नियोजन-परवानगी न काढता पंप बसवायचा तर तो शेजाऱ्याच्या हद्दीपासून किमान एक मीटर आत असावा, अशी अट होती. मे २०२५ मध्ये ती काढून टाकली. आवाजाची अट राहिली. हे योग्यच झाले, कारण मीटरपट्टीने हद्द मोजता येते, पण शेजाऱ्याची झोप कशी मोजणार? हवेतून येणाऱ्या आवाजाखेरीज भिंतीतून येणारी घरघर असते ती निराळीच. युनिट शयनघराच्या भिंतीला ब्रॅकेटवर टांगले की ती घरात उतरते, आणि लाकडी सांगाड्याच्या घरांत अधिकच. जमिनीवर काँक्रीटचा वेगळा ओटा आणि खाली रबरी पाय, हा उपाय स्वस्त आहे.

पाण्याची वाट अनेकदा विसरली जाते. बाहेर दोन-तीन अंश तापमान आणि दमट हवा असली की कॉइलच्या पात्यांवर पांढरा हिमथर जमतो. ठरावीक वेळाने पंप उलटा फिरून तो वितळवतो : पंखा थांबतो, झडप फुसकन सरकते, आणि युनिटमधून वाफेचे लोट उठतात. नवख्याला ते यंत्र पेटल्यासारखे वाटते. मग तळातून पाणी गळू लागते. ओल्या थंडीत दिवसाला कित्येक लिटर. ते फरसबंद वाटेवर सोडले तर रात्रीत काच होऊन बसते आणि सकाळी दूधवाल्याची, टपालवाल्याची हाडे धोक्यात येतात. पाणी खडीच्या खड्ड्यात, गोठणपातळीच्या खाली मुरवावे. जर्मनीत ही खोली साधारण ८० सेंटिमीटर धरतात. बर्फाच्या प्रदेशात युनिट नेहमीच्या बर्फथरापेक्षा उंच उचलून बसवतात, आणि छपरावरून बर्फ घसरतो त्या रेषेत ते कधीच ठेवत नाहीत.

नव्या पंपांत प्रोपेन (आर-२९०) हे शीतक वाढते आहे, आणि त्याने जागेचा प्रश्न आणखी अवघड केला आहे. स्वयंपाकाच्या गॅसची गळती झाली की तो जमिनीलगत साठतो, हे इथल्या कुठल्याही घरात माहीत असते. प्रोपेन त्याच कुळातला, हवेपेक्षा दीडपट जड, आणि हवेत २ टक्क्यांच्या थोडे वर मिसळला की पेट घेऊ शकणारा. घरगुती पंपात तो साधारण किलोभराच्या आतबाहेर असतो, १४.२ किलोच्या सिलिंडरपुढे किरकोळच. तरीही युनिटभोवती संरक्षित पट्टा आखतात, सामान्यतः मीटरभराचा. त्यात तळघराची खिडकी, दार, गटाराचे तोंड किंवा विजेचा स्विच नको. भारतातही गोदरेजने प्रोपेनचे एसी काढले आहेत, पण त्यांत वायू कमी असतो.

पंप आणि घर यांच्यामधले पाइप जितके आखूड तितके बरे. सगळे शीतचक्र बाहेरच्या डब्यात असणाऱ्या प्रकारात पाइपातून पाणी फिरते. कडाक्याच्या थंडीत वीज गेली तर ते गोठून पाइप फुटू शकतात, म्हणून पाण्यात गोठणरोधक घालतात किंवा आपोआप पाणी सोडून देणारी झडप बसवतात. शिवाय आत गरम पाण्याची टाकी लागते, दीडशे ते अडीचशे लिटरची. ब्रिटनमध्ये तत्काळ पाणी तापवणारे बॉयलर आल्यावर असंख्य घरांनी जुनी टाकी काढून तिथे कपाट केले. आता त्या घरांत बाहेरची जागा सहज मिळते आणि आतली मिळत नाही.

महाराष्ट्रात घर तापवण्याची गरज नाही. इथे हीट पंप येतो तो आंघोळीच्या पाण्यासाठी. उबदार हवेत तो झकास चालतो, हिमथराचा प्रश्नही सहसा येत नाही. टाकीला जोडलेला एकसंध पंप बंद खोलीत ठेवायचा असल्यास मात्र हवेचा तोच हिशेब पुन्हा येतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचे मार्गदर्शन भोवती सुमारे १,००० घनफूट हवा असावी असे सांगते. दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली म्हणजे बरोबर तेवढी, आणि मुंबईतले बाथरूम याच्या जवळपासही जात नाही. त्यामुळे गच्ची किंवा कोरडी बाल्कनी हाच पर्याय उरतो. कोकणात व गोव्यात समुद्राकडे तोंड करून ठेवलेल्या युनिटची ॲल्युमिनियमची पाती खाऱ्या वाऱ्याने भुगा होतात. तिथे ते घराच्या आडोशाला, पण मोकळ्या हवेत बसवावे, आणि पाती अधूनमधून गोड्या पाण्याने धुवावीत.

शेवटी दुरुस्ती. समोरचा पत्रा काढून माणसाला बैठक मारता येईल आणि गेजच्या नळ्या जोडता येतील एवढी जागा युनिटपुढे हवी. विसाव्या मजल्याच्या छज्ज्यावर, खिडकीच्या गजाला दोर बांधून पान्हा चालवणारा मेकॅनिक मुंबईत नवलाचा नाही. त्या छज्ज्यावर युनिट बसवताना कोणीही त्याला विचारलेले नसते.