सोनोग्राफी कुठून आली? ग्लासगोतला प्राध्यापक आणि कारखान्यातला इंजिनिअर

"पाणी पिऊन या आणि लघवी रोखून धरा." पोटाच्या सोनोग्राफीला जाताना हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. मग पोटावर ते गार, बुळबुळीत जेल. या दोन्ही गोष्टींचा उगम स्कॉटलंडमधल्या ग्लासगो विद्यापीठात आहे, आणि ज्यांनी त्या शोधल्या त्यांच्याबद्दल फार कमी पेशंटना (खरं तर डॉक्टरांनाही) माहिती असते.

इयान डोनाल्ड हे 1954 मध्ये तिथे प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाई दलात होते. रडार आणि सोनार, म्हणजे लहर सोडायची आणि तिचा प्रतिध्वनी ऐकून समोर काय आहे ते ओळखायचं, ही कल्पना त्यांच्या डोक्यात बसली होती. त्या काळी कारखान्यांत धातूतली बारीक चीर शोधायला असंच ध्वनिलहरींचं यंत्र वापरत. लोखंडातली चीर सापडते, तर पोटातली गाठ का सापडू नये?

ग्लासगोजवळ रेनफ्रू इथे बॅबकॉक अँड विल्कॉक्स या बॉयलर बनवणाऱ्या कंपनीत असं यंत्र होतं. जुलै 1955 मध्ये डोनाल्ड तिथे गेले, तेव्हा गाडीच्या डिकीत ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी होत्या! गर्भाशयाच्या फायब्रॉइडच्या घट्ट गाठी आणि अंडाशयातली पाण्याची गाठ. तुलनेसाठी कंपनीने मांसाचा एक मोठा तुकडा आणून ठेवला होता. पाण्याच्या गाठीच्या आतून प्रतिध्वनी येत नव्हता, घट्ट गाठीतून येत होता. आजही तुमच्या रिपोर्टमध्ये 'सिस्ट' की 'सॉलिड' हे ठरतं, त्याचं मूळ तत्त्व हेच.

पण पेशंटवर वापरायला जे जुनं यंत्र मिळालं ते फार कुचकामी होतं. प्रोबच्या अगदी जवळचं त्याला काही कळतच नसे. म्हणून पोटावर पाण्याचं भांडं तोलून धरायचं आणि त्यातून तपासायचं. पाणी सांडून गादी भिजायची.

इथे दुसरा माणूस येतो, आणि माझ्या मते श्रेयाचा निम्मा वाटा त्याचा आहे. टॉम ब्राउन, वय विशीच्या सुरुवातीचं, केल्विन अँड ह्यूज कंपनीतला इंजिनिअर. ऑपरेशन थिएटरमधल्या दिव्यांच्या कामासाठी तो रुग्णालयात आला असताना त्याच्या कानावर आलं की कोणी एक प्राध्यापक धातू तपासायचं यंत्र माणसांवर वापरतोय. पठ्ठ्याने टेलिफोन डिरेक्टरीत नंबर शोधून थेट प्राध्यापकांना फोन लावला. ओळखपाळख काही नाही. यंत्र पाहिल्यावर त्याने कंपनीकडून चांगलं यंत्र मिळवलं, आणि पुढे स्क्रीनवर नुसत्या उभ्या रेघांऐवजी पोटाचं आडवं छेदचित्र दाखवणारा स्कॅनर बनवला. त्याचा सांगाडा उभा राहिला तो रुग्णालयातल्या पलंगावर जेवणासाठी असतं त्या टेबलावर. प्रोब थेट त्वचेवर फिरवायचा, म्हणून मध्ये हवा राहू नये यासाठी ऑलिव्ह तेल लावत. हवेतून या लहरी पुढे जातच नाहीत. आज तेलाच्या जागी जेल आलं.

सहकारी डॉक्टर सुरुवातीला चेष्टा करत. मग एक पेशंट आली. पोट प्रचंड फुगलेलं, वजन उतरलेलं. निदान होतं जठराचा कर्करोग आणि त्यामुळे जलोदर. म्हणजे आता करण्यासारखं काही नाही. डोनाल्ड आणि त्यांचे तरुण सहकारी जॉन मॅकव्हिकर यांनी प्रोब लावला. जलोदर असता तर पाणी पोटभर पसरलेलं दिसलं असतं. इथे ते एकाच मोठ्या पिशवीत होतं. अंडाशयाची भलीमोठी साधी गाठ! ऑपरेशन झालं, गाठ निघाली, बाई वाचली. त्यानंतर चेष्टा बरीच कमी झाली. 7 जून 1958 रोजी 'लॅन्सेट'मध्ये लेख आला, त्यावर तीन नावं होती: डोनाल्ड, मॅकव्हिकर, ब्राउन. दोन डॉक्टर आणि एक इंजिनिअर.

आणि भरलेलं मूत्राशय? ते 1963 चं. मूत्राशय भरलं की आतड्यांतला वायू बाजूला सरकतो, आणि त्या पाण्याच्या खिडकीतून मागचं गर्भाशय स्पष्ट दिसतं. अगदी सुरुवातीच्या आठवड्यांतला गर्भही दिसू लागला. याच सुमारास गर्भारपणातल्या एक्स-रेमुळे मुलांत कर्करोगाचा धोका वाढतो, हे ऑक्सफर्डच्या डॉ. अ‍ॅलिस स्ट्युअर्ट यांच्या अभ्यासातून पुढे आलं होतं. सोनोग्राफीत क्ष-किरण नसतातच. त्यामुळे "बाळाला त्रास तर होणार नाही ना?" या तुमच्या प्रश्नाला आम्ही आज निर्धास्त उत्तर देऊ शकतो.

1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात कंपनीने ग्लासगोतलं हे काम बंद केलं. तेव्हा जॉन फ्लेमिंग आणि अँगस हॉल हे इंजिनिअर डोनाल्ड यांच्याकडे राहिले आणि विभाग चालू राहिला. तिथेच 1973 मध्ये ह्यू रॉबिन्सन यांनी गर्भाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजून दिवस ठरवण्याची पद्धत मांडली. तुमच्या रिपोर्टवर 'सीआरएल' लिहिलेलं असतं, ते हेच माप. टॉम ब्राउनने पुढे त्रिमितीय यंत्रही बनवलं, पण ते बाजारात चाललं नाही आणि तो या क्षेत्रातूनच बाहेर पडला. मला याचं वाईट वाटतं.

डोनाल्ड गर्भपाताचे कडवे विरोधक होते. त्यांचं ते मत पटो न पटो, त्यांच्याच यंत्राचा वापर आपल्याकडे मुलगी आहे का हे पाहून तिला पाडण्यासाठी झाला. महाराष्ट्राने 1988 मध्ये देशात सर्वांत आधी याविरुद्ध कायदा केला, केंद्राचा 1994 मध्ये आला. म्हणून गर्भवतीच्या सोनोग्राफीआधी 'एफ' फॉर्म भरून घेतात, ओळखपत्र मागतात. सेंटरवर गर्दी असते, फॉर्म लांबलचक असतो, तुमची चिडचिड होते हे मान्य. पण तो टाळून सोनोग्राफी करून द्या, असं आम्हाला सांगू नका. आणि कोणी तसं करून देतो म्हणाला, तर तिथून उठून या.