गोणाईचा नवस : दोन साक्षींचा विचार

हिंगोली जिल्ह्यांतील कयाधू नदीच्या परिसरांतलें नरसी हें गांव नामदेवांचें जन्मस्थान म्हणून सर्वश्रुत आहे. हें स्थान नरसी कीं पंढरपूर, हा वाद जुना असून त्यांत शिरण्याचा येथें आमचा हेतु नाहीं. जन्मशक ११९२ (इ. स. १२७०) हाही बहुमान्य आहे. आमचा प्रश्न पुत्राविषयीं नसून मातेविषयीं आहे. गोणाई अपत्यासाठीं झुरत होती, असें परंपरा सांगते. पुढें तिची कूस उजवली ती कशी, याविषयीं दोन साक्षी मिळतात. आणि त्या दोहोंचा मेळ बसत नाहीं.

पहिली साक्ष जनाबाईच्या नांवावरील एका लहानशा अभंगाची. त्यांत नवस करणारी स्वतः गोणाई आहे. ज्याला पंढरीनाथाची आवड असेल असा पुत्र ती मागते, आणि नामदेव तिच्या पोटीं येतात. दामाशेटी येतात ते शेवटीं, हर्ष पावण्यापुरते. दुसरी साक्ष महिपतीच्या ‘भक्तविजया’ची (शके १६८४, इ. स. १७६२). तेथें नामदेव उद्धवाचे अवतार असून दामाशेटींस ते भीमेच्या प्रवाहांत शिंपल्यांत सांपडतात.

महिपतीचा हेतु गौरवाचाच होता, यांत संशय नाहीं. सीता, द्रोण इत्यादिकांप्रमाणें अयोनिसंभव म्हणणें हा आपल्या पुराणपरंपरेंतील मोठाच मान होय. परंतु त्या मानाचें मोल कोणीं दिलें? गोणाईचे नऊ महिने कथेंतून गेले. नवस करणाऱ्या मातेच्या ओटींत केवळ सांपडलेलें मूल आलें.

जनाबाईची साक्ष तरी समकालीन पोथीची आहे काय, असा आक्षेप येईल व तो रास्त आहे. ती नामदेवांच्या घरची दासी. तथापि तिची वाणी आपणांपर्यंत पोंचली ती नकलांवर नकला होऊन. तरीही साध्या वृत्तांतास अद्भुताचे पुट चढणें नित्याचें, आणि अद्भुताचें साधें होणें विरळा, हें संशोधकांस सांगणें नलगे. आम्ही पहिल्या साक्षीकडे झुकतों तें यामुळें.

गोणाईच्या काळीं नवसाखेरीज दुसरा मार्गच नव्हता, असेंही समजूं नये. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि याच काळचा. ‘चतुर्वर्गचिंतामणी’च्या व्रतखंडांत व्रतें संकलित करणारा आणि अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ टीका लिहिणारा पुरुष एकच. व्रत आणि वैद्यक हे एकाच लेखणीचे विषय होते. ज्या ग्रंथावर ती टीका आहे, त्याच्या उत्तरस्थानांत गर्भधारणेस हितकर असें फलसर्पि, म्हणजे औषधी घृत, सांगितलें आहे. सुश्रुतानें गर्भास ऋतु, क्षेत्र, अंबु व बीज अशीं चार अंगें शेतीच्या दृष्टांतानें मानिलीं. आणि चरकाच्या चिकित्सास्थानांत ३० व्या अध्यायीं २० योनिव्यापत्तींच्या जोडीसच पुरुषाचे ८ शुक्रदोष वर्णिले आहेत. यावरून गोणाईनें औषध घेतलें असें अनुमान काढणें धाडसाचें होईल. मात्र शास्त्रानें दोष उभयतांच्या ठायीं पाहिला, आणि लोकांनीं ‘वांझ’ हा शब्द एकट्या स्त्रीच्या माथीं मारिला, एवढें निश्चित. नवसही मग तिलाच करावा लागला.

६ ऑगस्ट १९८६ रोजीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या उपचारानें एक कन्या जन्मली. तिची गर्भधारणा शरीराबाहेर, कांचपात्रांत झाली होती. शिंपल्याच्या कथेशीं याचें साम्य कोणासही सहज सुचेल. पण भेद मोठा आहे. कांचपात्रांतला तो अंकुर वाढण्यासाठीं मातेच्या उदरींच ठेवावा लागला. विज्ञानानें मातेचे नऊ महिने तिचे तिलाच राहूं दिले. कथेनें तेवढेंही गोणाईस दिलें नव्हतें.

संग्राहकांस आमची विनंति एवढीच. आपल्या बाडांत हा अभंग असेल तर नकलेचा शक पाहावा, आणि ‘पोटीं’ हा पाठ आहे कीं दुसरा, तें नोंदवावें. अभंगांच्या शेजारीं घृतकल्पाचें एखादें पान शिवलेलें आढळल्यास तें निरुपयोगी समजून वेगळें काढूं नये. असल्या पानांत अनेक गोणाईंचा इतिहास दडलेला असणें संभवनीय आहे.