दिनविशेष : १० ऑक्टोबर
बर्लिनच्या मुलांचे वैमानिक काका

अमेरिकी हवाई दलाचे वैमानिक कर्नल गेल हॅल्व्होर्सन यांचा आज जन्मदिन. १९२० साली सॉल्ट लेक सिटी येथे ते जन्मले. जून १९४८ मध्ये सोव्हिएत रशियाने पश्चिम बर्लिनची नाकेबंदी केली, तेव्हा पीठ, कोळसा, औषधे असे सारे काही विमानाने पोहोचवावे लागत होते. त्या कामावर असताना टेम्पलहॉफ विमानतळाच्या कुंपणापलीकडे त्यांना मुले भेटली. उपाशी असूनही एकानेही हात पसरला नाही. खिशातल्या च्युइंगगमच्या दोन पट्ट्यांचे त्यांनी चार तुकडे केले. ज्यांना मिळाले नाही, त्यांनी वेष्टनाचा कागद फाडून वाटून घेतला आणि त्याचा वास घेतला. हॅल्व्होर्सन यांनी शब्द दिला : पंख हलवणारे विमान दिसले की ते माझे समजा. रुमालांच्या छत्र्यांना बांधलेला खाऊ आकाशातून उतरू लागला. पुढे इतर वैमानिकही सामील झाले आणि २० टनांहून अधिक खाऊ मुलांना मिळाला.

१९७४ मध्ये निवृत्त झालेले हॅल्व्होर्सन पाच मुलांचे वत्सल पिता आणि लॅटर-डे सेंट्स चर्चचे निष्ठावान अनुयायी होते. पत्नी अल्टा यांच्यासह त्यांनी इंग्लंड व रशियात धर्मसेवा केली. ज्यांच्या सैन्याने बर्लिनची कोंडी केली, त्याच देशात ते सेवेसाठी गेले, हे त्यांचे मोठेपण. २०१३ मध्ये बर्लिनमधील एका शाळेला त्यांचे नाव देण्यात आले. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी, वयाच्या १०१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. शत्रूच्या लेकरांनाही आपले मानणाऱ्या या सैनिकाला आदरांजली.