वस्तरा

वस्तरा हे दाढी करण्यासाठी व डोक्यावरील केस काढण्यासाठी वापरले जाणारे, एका कडेला उघडी धार असलेले पोलादी साधन आहे. मुठीत दुमडून ठेवता येणारे त्याचे आजचे रूप मुख्यतः अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडमधील शेफिल्ड व जर्मनीतील सोलिंगेन या शहरांत घडले. विसाव्या शतकात बदलत्या पात्याच्या रेझरमुळे घरगुती वापरातून तो जवळजवळ नाहीसा झाला. तथापि जुने वस्तरे जमवणारे, त्यांना नव्याने धार लावून त्यांनीच दाढी करणारे हौशी लोक जगभर आहेत. पाते बोथट झाले की फेकून देण्याची सोय येथे नसते. धार वापरणाऱ्यालाच राखावी लागते आणि वस्तऱ्याविषयीचे बहुतेक ज्ञान या एका गोष्टीभोवती गोळा झालेले आहे.

नाव

'वस्तरा' हा शब्द फारसी 'उस्तुरा' या शब्दावरून मराठीत आला. संस्कृतातील 'क्षुर' हा शब्द वैदिक वाङ्मयात आढळतो आणि ग्रीक भाषेतील वस्तऱ्याचे नाव त्याच मुळातील आहे. 'क्षौर' हा मराठीतील शिष्ट शब्द याच 'क्षुर'पासून झाला. कठोपनिषदात आत्मज्ञानाच्या मार्गाला वस्तऱ्याच्या तीक्ष्ण धारेची उपमा दिली असून इंग्रज लेखक सॉमरसेट मॉम याने आपल्या १९४४ च्या कादंबरीचे नाव तेथूनच घेतले. 'हजामत' हा शब्द मात्र अरबी असून त्याचा मूळ अर्थ तुंबडी लावून रक्त काढणे असा आहे. पूर्वी अनेक देशांत केशकर्तन आणि किरकोळ शस्त्रक्रिया ही दोन्ही कामे एकाच माणसाकडे असत, याची खूण या शब्दात उरली आहे.

रचना

वस्तऱ्याचे पाते साधारणतः तीन इंच लांब असते. त्याची रुंदी इंचाच्या अष्टमांशांत सांगण्याची प्रथा आहे. पाच अष्टमांश व सहा अष्टमांश ही मापे सर्वाधिक आढळतात. धारेच्या विरुद्ध कडेला जाड पाठ असते. पात्याच्या मागे बोटे टेकवण्यासाठी अरुंद दांडा व त्याच्या टोकाला वर वळलेली शेपटी असते. मूठ दोन पट्ट्यांची असून पाते एका खिळीभोवती फिरून तिच्यात मिटते. मूठ धारेला आणि माणसाच्या बोटांना जपण्यासाठी असते. दाढी करताना पकड दांड्यावरच असते.

पाठीची जाडी नुसत्या मजबुतीसाठी नसते. धार लावताना पाते दगडावर सपाट ठेवले की पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकतात व धारेचा कोन आपोआप ठरतो. हा कोन सुमारे १५ ते १८ अंशांचा असतो. सुरीला धार लावणाऱ्याला कोन हाताने सांभाळावा लागतो, वस्तऱ्यात तो कारागिराने आधीच बांधून दिलेला असतो. वस्तऱ्याच्या रचनेतील सर्वांत बुद्धिमान भाग कोणता, असे विचारल्यास या पाठीकडेच बोट दाखवावे लागेल.

जुनी पाती पाचरीसारखी भरीव असत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन्ही अंगे चाकावर घासून अंतर्गोल करण्याची पद्धत रूढ झाली. असे पाते धारेजवळ इतके पातळ होते की खुंटावरून फिरताना त्यातून बारीक किणकिणाट ऐकू येतो. जपानमधील कामिसोरी या वस्तऱ्याची जात निराळी आहे. तो दुमडत नाही आणि त्याच्या पात्याच्या दोन बाजू सारख्या नसतात.

पोलाद आणि इतिहास

ताम्रयुगापासून केस काढण्याची धातूची साधने सापडतात. प्राचीन इजिप्तमधील थडग्यांतही तांब्याचे व काशाचे वस्तरे मिळाले आहेत. आधुनिक वस्तऱ्याला हवे असलेले पोलाद १७४० च्या सुमारास बेंजामिन हंट्समन याने शेफिल्डजवळ मुशीत वितळवून तयार केले. त्याआधीच्या पोलादात कार्बनाचे प्रमाण ठिकठिकाणी कमी-अधिक असे. मुशीतले पोलाद एकजीव असल्यामुळे त्याची धार सर्व लांबीभर सारखी राही.

स्वतःची दाढी स्वतः करणे ही शिकण्याजोगी कला आहे, हे सांगण्यासाठी झां-झाक पेरे या फ्रेंच कारागिराने १७६९ मध्ये 'पोगोनोटोमी' नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले. पात्याभोवती लाकडी आवरण बसवून कापण्याचा धोका कमी करण्याची युक्तीही त्याचीच. पुढच्या शतकातील सुरक्षित रेझरचे बीज तेथे आहे.

या इतिहासात मुंबईचे नाव अनपेक्षित ठिकाणी येते. मुंबईत असलेले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी 'वुट्झ' या भारतीय पोलादाचे नमुने लंडनला जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले आणि १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी त्यांवरील निबंध रॉयल सोसायटीपुढे मांडला. जेम्स स्टोडार्ट हा लंडनचा शस्त्रकार या पोलादावर इतका प्रसन्न झाला की वुट्झपासून बनवलेली शस्त्रक्रियेची हत्यारे व वस्तरे अशी जाहिरात त्याने केली. पुढे त्याने मायकेल फॅरडे यांच्यासह पोलादाच्या मिश्रधातूंवर प्रयोग केले. त्यांचे निबंध १८२० व १८२२ मध्ये प्रसिद्ध झाले. विद्युतशास्त्रासाठी ओळखले जाणारे फॅरडे स्वतःच्या पोलादाचे वस्तरे मित्रांना भेट देत असत. पोलादात अत्यल्प चांदी मिसळण्याचा प्रयोगही या दोघांचाच. त्यानंतर 'सिल्व्हर स्टील' ही अक्षरे कित्येक कारखान्यांच्या पात्यांवर झळकू लागली, मात्र ती असली म्हणजे पात्यात चांदी असतेच असे नाही.

वस्तऱ्याला उतरती कळा लावणारे नाव किंग जिलेट याचे. त्याच्या कंपनीने १९०३ मध्ये विक्री सुरू केली तेव्हा पहिल्या वर्षी अवघे ५१ रेझर व १६८ पाती खपली. १९०४ मध्ये त्याला अमेरिकेत एकस्व मिळाले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने सैनिकांसाठी जिलेटचे सुमारे ३५ लाख रेझर घेतले. घरी परतलेल्या सैनिकांना त्यांची सवय लागलेली होती. घरोघरीचा वस्तरा त्यानंतर मागे पडत गेला आणि प्रामुख्याने न्हाव्याच्या हातात राहिला.

धार

केस पोलादापेक्षा सुमारे पन्नासपट मऊ असतो, तरीही त्याने धार बोथट होते. हे कसे घडते याचा अभ्यास मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी टाकाऊ रेझरची पाती तपासली. धार झिजून गोल होण्याआधीच, केस तिरका वाकून धारेतील एखाद्या कमकुवत जागेशी भिडला की तेथून सूक्ष्म कपचा उडतो, असे त्यांना आढळले. पाणी व साबण लावून केस मऊ करण्याची जुनी रीत त्वचेइतकीच धारेच्याही हिताची आहे.

धार राखण्याची कामे दोन आणि ती एकमेकांपासून वेगळी आहेत. निसण्यावर, म्हणजे धार लावण्याच्या दगडावर, पोलाद प्रत्यक्ष घासले जाते. तेथे धार पुढे व पाठ मागे ठेवून पाते सरकवतात. हे काम क्वचित, काही महिन्यांनी करायचे असते. चामड्याच्या पट्ट्यावर मात्र प्रत्येक दाढीपूर्वी पाते फिरवतात. तेथे पाठ पुढे व धार मागे असते, कारण उलट दिशेने फिरवल्यास पट्टाच कापला जातो. वळण घेताना पाते पाठीवर उलटवायचे, धारेवर नव्हे. नवशिक्यांचे पट्टे कापले जातात ते बहुधा येथेच.

नैसर्गिक दगडांत बेल्जियममधील आर्देन भागातील पिवळसर 'कोटिक्यूल' हा दगड विशेष नावाजलेला आहे. त्यात गार्नेटचे अतिसूक्ष्म कण असतात व पाण्याने भिजवून घासल्यावर त्यांचा राप तयार होतो. आता बरेच जण ठरावीक क्रमांकाचे कृत्रिम दगड वापरतात. प्रारंभीच्या घासणीला हजार क्रमांकाचा आणि शेवटच्या हातासाठी आठ हजार वा त्याहून बारीक दगड घेतात.

दाढी करताना पाते त्वचेशी सुमारे ३० अंशांचा कोन करून धरतात आणि दुसऱ्या हाताने त्वचा ताणून ठेवतात. पहिला हात केसांच्या दिशेने फिरवतात. ताणलेला हात सुटला किंवा पाते धारेच्या दिशेने आडवे सरकले की जखम होते. दाब वाढवल्याने दाढी चांगली होत नाही. काम झाल्यावर पाते पुसून पूर्ण कोरडे करणे आवश्यक असते, कारण कार्बनयुक्त पोलादावर गंज लवकर चढतो.

महाराष्ट्रात

गावगाड्यातील बारा बलुतेदारांत न्हाव्याचा समावेश होता. वर्षभराच्या सेवेचा मोबदला त्याला सुगीला धान्याच्या रूपाने मिळे. वस्तरा, निसणा, कातर, चिमटा, आरसा ही सारी हत्यारे त्याच्या धोकटीत असत. संत सेना न्हावी यांच्या अभंगांत व्यवसायाची हीच साधने आध्यात्मिक रूपके होऊन आली आहेत. मराठी साहित्यात वस्तऱ्याच्या व्यवसायाला मिळालेले हे सर्वांत मानाचे स्थान होय.

त्याच वस्तऱ्याने विधवांचे केशवपनही होत असे. सत्यशोधक चळवळीच्या प्रभावाखाली १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील न्हाव्यांची सभा भरली व विधवांच्या डोक्याला वस्तरा न लावण्याचा निर्धार तेथे करण्यात आला. ज्यांच्या पोटाचा प्रश्न या कामाशी बांधलेला होता, त्यांनीच ते नाकारले, हे या घटनेचे विशेष आहे.

एकाच वस्तऱ्याने अनेकांची दाढी केल्यास रक्तातून पसरणाऱ्या कावीळीचा व अन्य रोगांचा संसर्ग होऊ शकतो. एड्सविषयीची जाणीव वाढल्यावर गिऱ्हाईकागणिक नवे पाते बसवता येणारा वस्तरा केशकर्तनालयांत रूढ झाला. आकार जुनाच राहिला. दाढीनंतर फिरवला जाणारा तुरटीचा खडाही टिकला. निसणा आणि पट्टा मात्र धोकटीतून गेले, आणि त्यांच्याबरोबर धार ओळखण्याची बोटांची जाणही एका पिढीत ओसरली.

संग्रह

संग्राहक प्रथम शेपटी पाहतात. अठराव्या शतकातील वस्तऱ्यांना ती नसते किंवा अगदी आखूड असते. दांड्यावरील शिक्के पुढची माहिती देतात. मुकुटासह 'डब्ल्यू आर' ही अक्षरे चौथ्या विल्यमच्या, म्हणजे १८३० ते १८३७ या काळाकडे, तर 'व्ही आर' ही अक्षरे व्हिक्टोरियाच्या राजवटीकडे निर्देश करतात. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव सक्तीचे केले. त्यामुळे केवळ 'इंग्लंड' किंवा 'जर्मनी' असा ठसा असलेला वस्तरा सहसा त्यानंतरचा असतो. आठवड्याच्या वारांची नावे कोरलेल्या सात वस्तऱ्यांची पेटी ही संग्राहकांची आवडती वस्तू आहे. मात्र सातही वस्तरे मूळचे असलेली पेटी विरळा, कारण एखादा वार हरवला की दुसऱ्या संचातून भरून काढला जाई.

जुन्या वस्तऱ्याला पुन्हा चकाकी द्यावी की नाही, यावर संग्राहकांत मतभेद आहे. यंत्राच्या चाकावर घासल्याने डाग जातात, परंतु उथळ कोरीवकाम आणि शिक्क्यांच्या कडाही जातात. शिवाय पातळ पाते तापून त्याचा कठीणपणा कायमचा नष्ट होऊ शकतो. गंज तेलाने व हाताने काढून काळपटपणा तसाच ठेवणे हा अधिक सुज्ञ मार्ग मानावा लागेल. दगडावरचा प्रत्येक हातही थोडे पोलाद नेतोच. पाठीवर रुंद सपाट पट्टा दिसला, तर त्या वस्तऱ्याचे बरेचसे आयुष्य आधीच घासले गेले आहे असे समजतात.

मुठी शिंगाच्या, हाडाच्या, लाकडाच्या, हस्तिदंताच्या वा कासवाच्या पाठीच्या असत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सेल्युलॉइड आले. हस्तिदंत व कासवाची पाठ यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक निर्बंध आहेत आणि भारतात हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीला वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. सेल्युलॉइडचा धोका वेगळाच आहे. ते जुने झाले की विघटित होऊन आम्लयुक्त वाफा सोडते आणि त्या वाफांनी आतले पातेच नव्हे, तर त्याच पेटीतील शेजारचे वस्तरेही गंजतात. अशा मुठीचे वस्तरे बाकीच्यांपासून दूर, हवा खेळती राहील अशा जागी उघडे ठेवतात.