थीम पार्क आणि विशेष बालक : उतारापासून रांगेपर्यंतचा प्रवास

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उदयास आलेल्या मनोरंजनसंस्थांमध्ये थीम पार्कचे स्थान महत्त्वाचे आहे. उंबेर्तो एको, झाँ बोद्रियार यांसारख्या विचारवंतांनी या उद्यानांकडे कृत्रिम वास्तवाचे आणि उपभोगसंस्कृतीचे प्रतीक म्हणून पाहिले व पुढील बरीचशी चर्चा त्याच अंगाने झाली. आई-वडिलांचे बोट धरून या उद्यानात येणाऱ्या विशेष बालकाच्या बाजूने पाहिले असता मात्र या संस्थेचा निराळा इतिहास दिसू लागतो. हा इतिहास दोन टप्प्यांचा आहे. पहिल्या टप्प्यात प्रवेशाचा प्रश्न पायऱ्या, उतार आणि दरवाजे यांचा होता. दुसऱ्या टप्प्यात तो वेळेचा झाला. पहिल्या प्रश्नाचे उत्तर काँक्रीटमध्ये देता आले. दुसऱ्याचे उत्तर अद्याप न्यायालयांतून शोधले जात आहे. या दुसऱ्या टप्प्याचा परामर्श प्रस्तुत निबंधात विशेषत्वाने घेतला आहे.

पार्श्वभूमी

१७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम येथे डिस्नीलँडचे उद्घाटन झाले. त्यामागील कल्पनेचा उगम वॉल्ट डिस्ने स्वतः सांगत असत. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये त्यांच्या दोन मुली मेरी-गो-राउंडवर बसत आणि ते बाकावर बसून पाहत राहत. पालक आणि मुले यांना एकत्र आनंद घेता येईल असे स्थळ असावे, हा विचार त्यांना तेथे सुचला. 'एकत्र' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे; कारण पुढे विशेष बालकांच्या पालकांनी जी मागणी केली ती मूलतः याच शब्दाची होती.

१९५५ च्या अमेरिकेत मात्र हे एकत्र असणे सर्व मुलांसाठी गृहीत धरलेले नव्हते. पोलिओची लस परिणामकारक ठरल्याची घोषणा त्याच वर्षी एप्रिलमध्ये, म्हणजे उद्यान उघडण्याच्या अवघे तीन महिने आधी झाली होती. पायाला कॅलिपर लावून चालणारी मुले त्या पिढीने पाहिली होती. तरीही सार्वजनिक जागा त्यांना अनुकूल असाव्यात, असे बंधन कोणावरही नव्हते. बौद्धिक अपंगत्व असलेल्या असंख्य मुलांचे बालपण निवासी संस्थांच्या भिंतींआड जात होते. शाळेत जाण्याचा हक्कदेखील अशा मुलांना संघराज्याच्या कायद्याने १९७५ मध्ये मिळाला. ज्या मुलाला शाळेचा दरवाजा उघडत नव्हता, त्याच्या करमणुकीच्या हक्काचा विचार कोणी करावा?

उताराचा टप्पा

१९७३ च्या पुनर्वसन कायद्यातील कलम ५०४ ने शासकीय निधी घेणाऱ्या संस्थांना अपंग व्यक्तींबाबत भेदभाव करण्यास मनाई केली. त्या कलमाचे नियम निघावेत म्हणून १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील शासकीय इमारतीत अपंग कार्यकर्त्यांनी तीन आठवड्यांहून अधिक काळ ठिय्या दिला. खाजगी उद्याने तरीही कायद्याच्या बाहेरच राहिली. १२ मार्च १९९० रोजी वॉशिंग्टनमध्ये आंदोलक आपापल्या व्हीलचेअर व कुबड्या बाजूला ठेवून संसदभवनाच्या पायऱ्या सरपटत चढले. त्यांत सेरेब्रल पाल्सी असलेली आठ वर्षांची जेनिफर कीलन होती. तिचे पायऱ्या चढतानाचे छायाचित्र या लढ्याची ओळख बनले. २६ जुलै १९९० रोजी अमेरिकन्स विथ डिसअ‍ॅबिलिटीज अ‍ॅक्टवर राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांची स्वाक्षरी झाली. या कायद्याने सार्वजनिक सोयीच्या ज्या खाजगी स्थळांची यादी केली, तीत प्राणिसंग्रहालयांच्या जोडीने मनोरंजन उद्यानांचाही स्पष्ट उल्लेख आहे.

तपशीलवार नियम यायला मात्र बराच अवधी लागला. राइड्ससंबंधीची तांत्रिक मार्गदर्शक तत्त्वे २००२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि २०१० च्या मानकांद्वारे १५ मार्च २०१२ पासून ती बंधनकारक ठरली. प्रत्येक नव्या राइडमध्ये व्हीलचेअरसाठी जागा, खुर्चीतून सरकून बसता येईल असे आसन किंवा तसे सरकण्यास साहाय्य करणारे साधन, यांपैकी किमान एक असले पाहिजे, असे ही मानके सांगतात. त्यांतील एक अपवाद फारसा चर्चिला गेलेला नाही, परंतु तो बोलका आहे. ज्या राइड्स मुख्यतः लहान मुलांसाठी आहेत आणि ज्यांवर मोठी माणसे मुलांना चढवतात-उतरवतात, त्या राइड्सना ही आसनविषयक अट लागू होत नाही. लहान मुलाला आई किंवा बाप उचलून ठेवील, असे येथे गृहीत आहे. चार वर्षांच्या मुलाबाबत ते बहुतेक वेळा खरेही ठरते. तथापि, मूल वाढते आणि उचलणाऱ्याचा खांदा थकतो; शिवाय उचलणारी आई स्वतः व्हीलचेअरवर असेल तर काय, हा प्रश्न त्या वाक्यात नाही.

वेळेचा टप्पा

१९९० या वर्षाला आणखी एका कारणाने महत्त्व आहे. त्याच वर्षी अमेरिकेच्या शिक्षणविषयक कायद्यात स्वमग्नता ही स्वतंत्र वर्गवारी म्हणून समाविष्ट झाली. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये वर्णन केलेली ही अवस्था १९८० मध्ये मानसोपचारांच्या अधिकृत वर्गीकरणात स्वतंत्रपणे आली होती. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत आवाज, प्रकाश, स्पर्श यांना मिळणारा अतितीव्र किंवा अतिमंद प्रतिसाद हे तिचे एक लक्षण म्हणून नोंदले गेले. अशा मुलाला उतार नको असतो; त्याचे पाय धडधाकट असतात. त्याच्यासमोरचा अडसर रांग हा असतो.

थीम पार्कची रांग ही साधी रांग नव्हे. ती कठड्यांमधून वळसे घेत जाते, तिचे टोक दिसत नाही, मध्येच बाहेर पडणे अवघड असते, मागचा माणूस पाठीला लागतो आणि वरून संगीत अखंड चालू असते. मराठी वाचकाला ती मोठ्या देवस्थानांच्या दर्शनबारीवरून सहज उमगेल. 'थोड्या वेळाने' या शब्दाचा अर्थ ज्याला लागत नाही, त्या बालकासाठी पाऊण तासाची ही बारी म्हणजे न संपणारा काळ असतो. मूल कानांवर हात घेते, जमिनीवर पडते, स्वतःला मारून घेते. भोवतालचे लोक त्याला हट्टी म्हणतात आणि पालकांच्या संस्कारांवर शेरे मारतात. भावंडांसह आलेले कुटुंब मग विभागले जाते. एक पालक बाकावर या मुलाला घेऊन बसतो, दुसरा इतर मुलांसोबत आत जातो. ग्रिफिथ पार्कमधला बाक पुन्हा येतो तो असा.

या अडचणीवर डिस्नेच्या उद्यानांनी काढलेला तोडगा म्हणजे गेस्ट असिस्टन्स कार्ड. हे पत्र दाखवल्यास पुष्कळदा पर्यायी मार्गाने, फारसे न थांबता आत जाता येई. व्यवस्था विश्वासावर चालत होती. मे २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात अशा बातम्या आल्या की, काही धनिक कुटुंबे अपंग व्यक्तीला भाड्याने सोबत घेऊन रांग टाळतात. त्याच वर्षी ९ ऑक्टोबरपासून हे कार्ड बंद होऊन डिसअ‍ॅबिलिटी अ‍ॅक्सेस सर्व्हिस सुरू झाली. नव्या पद्धतीत रांगेइतक्याच अवधीनंतरची वेळ नोंदवून दिली जाते. कुटुंबाने तो अवधी रांगेबाहेर घालवायचा आणि मग यायचे. उभे राहणे टळते, वाट पाहणे टळत नाही. थकणाऱ्या शरीराला ही सोय पुरेशी आहे. ज्याची अडचण वाट पाहणे हीच आहे, त्याच्यासाठी ती अपुरी ठरते, असे पालकांचे म्हणणे पडले.

२०१४ मध्ये अनेक कुटुंबांनी न्यायालयात धाव घेतली. त्यांपैकी एक दावा स्वमग्न तरुणाच्या वतीने होता. हा तरुण उद्यानात ठरावीक क्रमानेच फिरू शकत असे. क्रम मोडला वा थांबावे लागले तर त्याचा तोल जाई. खालच्या न्यायालयाने सुनावणीविनाच कंपनीच्या बाजूने दिलेला निर्णय अकराव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये रद्द केला. या मुलांना वाट पाहणे शक्य आहे की नाही, हा तथ्याचा प्रश्न असून तो पुरावा तपासूनच ठरवावा लागेल, असे त्याने सांगितले. कायद्याच्या इतिहासात ही नोंद लहान नाही: प्रतीक्षा करण्याची क्षमता ही जिन्याच्या पायरीप्रमाणे मोजायची वस्तू झाली. पुढे २०२० मध्ये सुनावणी होऊन निकाल कंपनीच्या बाजूने लागला आणि २०२२ मध्ये अपिलात तो कायम राहिला. मागितलेली सवलत दिल्यास इतर सर्वांच्या रांगा लांबतील आणि उद्यानाच्या व्यवस्थेचे स्वरूपच पालटेल, हे म्हणणे न्यायालयाने मान्य केले.

हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. राइडची क्षमता मर्यादित असते. बाजूच्या वाटेने आत गेलेला प्रत्येक जण मुख्य रांगेतल्या कोणाची तरी जागा घेतो. परंतु ऑक्टोबर २०२१ पासून त्या युक्तिवादाचा आधार बराच डळमळीत झाला. १९९९ मध्ये विनामूल्य सुरू झालेली फास्टपास पद्धत बंद होऊन तीच बाजूची वाट लाइटनिंग लेन या नावाने पैसे घेऊन विकली जाऊ लागली. रांग टाळणे हे आता व्यवस्थेचे स्वरूप बिघडवणारे राहिले नाही. ते तिकिटाच्या दरपत्रकात दाखल झाले. पैसे भरणाऱ्याला कारण विचारले जात नाही, विशेष बालकाच्या पालकाला मात्र मुलाची अडचण शब्दांत मांडावी लागते. २०२४ च्या मे आणि जून महिन्यांत कंपनीने निकष आणखी आवळले. सेवेचा वापर पाच वर्षांत तिपटीहून अधिक वाढल्याचे कारण तिने दिले. सेवा मुख्यतः स्वमग्नता वा तत्सम विकासात्मक अपंगत्वामुळे दीर्घकाळ रांगेत थांबू न शकणाऱ्यांपुरती ठेवण्यात आली. परिणाम विचित्र झाला. ज्या शारीरिक व्याधिग्रस्तांच्या लढ्यातून हा हक्क जन्मला, त्यांच्यापैकी अनेक जण या वेळी वगळले गेले आणि २०२५ मध्ये त्यांच्या बाजूने नवा दावा दाखल झाला.

निराळा मार्ग टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथे दिसतो. गॉर्डन हार्टमन यांची मुलगी मॉर्गन एका सहलीत तलावातील मुलांशी खेळू पाहत होती. ती मुले पाण्याबाहेर निघून गेली. त्या प्रसंगातून एप्रिल २०१० मध्ये, जुन्या दगडखाणीच्या जागी, पंचवीस एकरांवर मॉर्गन्स वंडरलँड उभे राहिले. येथील झोपाळ्यावर व्हीलचेअरसह चढता येते आणि अपंग पाहुण्याला प्रवेश विनामूल्य आहे. उद्यान सर्वांसाठी खुले असल्याने त्याला वेगळी शाळा म्हणून हिणवता येत नाही. मात्र त्याचा खर्च प्रवेशमूल्यातून भागत नाही, देणग्यांवर चालतो. नफ्यावर चालणाऱ्या उद्यानांत २०१८ मध्ये पेनसिल्व्हेनियातील सेसमी प्लेस हे स्वमग्नतेसाठी प्रमाणित झालेले पहिले थीम पार्क ठरले. कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण, शांत खोल्या आणि प्रत्येक राइडवर पाच इंद्रियांवर किती ताण येईल हे एक ते दहा अंकांत सांगणारी मार्गदर्शिका, ही त्याची साधने. निघण्यापूर्वी घरीच दिवस आखू शकणाऱ्या पालकाला ही मार्गदर्शिका उतारापेक्षा अधिक उपयोगी पडते.

भारतीय संदर्भ

दिल्लीचे अप्पू घर १९८४ मध्ये आणि मुंबईजवळ गोराई येथील एस्सेल वर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झाले, तेव्हा भारतात अपंगत्वविषयक सर्वंकष कायदाच नव्हता. खाडी ओलांडून बोटीने एस्सेल वर्ल्डला जाणे हा मुंबईच्या एका पिढीच्या शालेय सहलींचा भाग होता. त्या बोटीवर व्हीलचेअर चढवणे हे सोबतच्यांच्या हातांच्या बळावर अवलंबून होते. १९९५ च्या कायद्याने सात प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता दिली, त्यांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात ती आली, परंतु तो कायदा प्रामुख्याने पालकत्व व संगोपनाचा आहे. बालकांना खेळ व करमणुकीत समान सहभाग देण्याचे बंधन घालणारा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने २००७ मध्ये स्वीकारला आणि त्यानुसार आलेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये प्रकार एकवीस झाले व त्यांत स्वमग्नतेचा समावेश झाला. याच कायद्यातील सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत विरंगुळा व करमणुकीसाठी वापरल्या जाणाऱ्या खाजगी इमारतीही येतात. राइड ही इमारत आहे काय, याविषयी व्याख्या मूक आहे.

८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेची मानके केवळ शिफारशींच्या स्वरूपात ठेवणारा २०१७ चा नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक किमान मानके तीन महिन्यांत आखण्याचे निर्देश दिले. उतार, लिफ्ट, स्वच्छतागृह, सूचनाफलक यांची मोजमापे आखणे त्यातल्या त्यात सोपे आहे. भारतीय उद्यानांतही जादा पैसे घेऊन रांग टाळण्याची तिकिटे विकली जातात आणि अनेक ठिकाणी लहान मुलाचे तिकीट उंची मोजून ठरते. वाट पाहण्याबाबतची सवलत मागायची तर पालकाला २०१६ च्या कायद्यातील 'वाजवी सोय' या व्याख्येचा आधार घ्यावा लागेल. त्या व्याख्येतही 'आवश्यक' आणि 'अवाजवी बोजा' हे दोन शब्द आहेत, आणि अमेरिकेतील न्यायालयांत आठ वर्षे चाललेला खटला याच दोन कल्पनांभोवती फिरत होता.