खडकवासल्याची नदीशाळा

१२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, पाठोपाठ खडकवासल्याचेंही फुटलें आणि पुण्यांतील हजारों संसार वाहून गेले. पाण्याच्या कामांतील चूक किती महाग पडते, हें त्या दिवशीं दिसलें. म्हणून खरी नदी अडविण्यापूर्वीं तिची लहान प्रतिकृति करून तिलाच प्रश्न विचारण्याची विद्या महत्त्वाची आहे. मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजांत प्रोफेसर रेनॉल्ड्स ह्यांनीं १८८५ च्या सुमारास मर्सी नदीच्या मुखाची अशी प्रतिकृति केली होती.

महाराष्ट्रांत ही विद्या शेतीच्या वाटेनें आली. दख्खनच्या कालव्यांनीं ऊंस पिकविला खरा, पण अतिपाण्यानें पुष्कळ जमिनी पाणथळ व खारट झाल्या. पाटबंधाऱ्यांच्या अशा प्रश्नांसाठीं मुंबई सरकारनें १९१६ सालीं एक लहानसें खातें उघडलें. क्लॉड इंग्लिस ह्यांच्या देखरेखीखालीं तें वाढलें व खडकवासला धरणाच्या पायथ्याशीं स्थिरावलें. १९३६ सालीं हिंदुस्थान सरकारनें तें आपल्याकडे घेतलें.

प्रतिकृतीचें गणित मोठें मौजेचें आहे. माप शंभरांश केलें, तर वेग दशांश होतो आणि प्रवाह एक लक्षांश. सेकंदास लाख घनफूट वाहणारा पूर तेथें एका घनफुटांत सामावतो. मात्र वाळू त्या मानानें बारीक करतां येत नाहीं. फार दळली तर तिचा चिकट गाळ होतो. म्हणून प्रतिकृतींत आधीं घडून गेलेला पूर आणून पाहतात. तो जुळला, तरच पुढचें उत्तर विश्वासार्ह मानतात.

सिंधु नदीवरील सक्करचा बंधारा १९३२ सालीं सुरू झाला, पण उजव्या तीरावरील कालवे वाळूनें भरूं लागले. वळणावर वरचें निवळ पाणी बाहेरच्या कांठाकडे, तर तळचें वाळूमिश्रित पाणी आंतल्या कांठाकडे वळतें. पुण्याच्या प्रयोगांनीं हाच नियम वापरून कालव्यांच्या तोंडाशीं वळणदार वाट सुचविली.

१९४७ सालीं इंग्लिस इंग्लंडमधील नव्या जलसंशोधन संस्थेचे संचालक झाले. येथील अनुभव तेथें उपयोगी पडला. खडकवासल्याची संस्था आज केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र म्हणून ओळखली जाते. धरणें आणि बंदरें तेथें अजूनही आधीं लहान रूपांत बांधलीं जातात. तेथील फसलेला बांध मजूर सायंकाळीं फावड्यानें मोडतात आणि सकाळीं दुसरा रचतात.