अजिंठ्याच्या वाटेवरचे प्रवासी

अजिंठ्याला बाहेरून माणसे येण्याची रीत लेण्यांइतकीच जुनी आहे. वाघोरा नदीने घोड्याच्या नालासारखे वळण घेत कोरून काढलेल्या कड्यात तीस लेणी आहेत. त्यांतली ९ आणि १० क्रमांकाची चैत्यगृहे व त्यांच्या आसपासचे दोन-तीन विहार इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातले, सातवाहनांच्या काळातले मानले जातात. उरलेली बहुतेक सगळी इसवी सनाच्या पाचव्या शतकात, वाकाटकांच्या राज्यात खोदली गेली. दख्खनच्या पठारावरून घाट उतरून खानदेशात आणि पुढे उज्जैनकडे जाणारे व्यापारी मार्ग या मुलखातून जात. पावसाळ्यात भिक्षू वर्षावासासाठी येथे थांबत, व्यापारी दान देऊन पुढे जात. चैत्यगृहांवर आणि भिंतींवर कोरलेले वा रंगवलेले दानलेख ही त्या जुन्या पाहुण्यांची नोंदवहीच होय.

सातव्या शतकात चिनी यात्रेकरू युआन श्वांग चालुक्य राजा पुलकेशीच्या महाराष्ट्रात आला. देशाच्या पूर्वेकडच्या डोंगरात कोरलेल्या एका मोठ्या संघारामाचे, म्हणजे बौद्ध मठाचे, आणि त्याच्या दाराशी असलेल्या दगडी हत्तींचे वर्णन त्याने केले आहे. सोळाव्या लेण्याच्या पायथ्याशी दाराच्या दोन्ही अंगांना हत्ती कोरलेले आहेत, म्हणून अभ्यासक हे वर्णन अजिंठ्याचे धरतात. तो स्वतः तिथवर गेला असेलच असे नाही, पण लेण्यांची कीर्ती त्याच्या कानावर पोचली होती एवढे नक्की. सव्विसाव्या लेण्यात राष्ट्रकूटकालीन लेखही आहे. त्यानंतर भिक्षूंची वस्ती संपली, दारांपुढे दरडींची माती साचली, आत वटवाघळे आणि मधमाश्या राहू लागल्या. तरीही लेणी ‘हरवली’ होती असे म्हणणे त्या मुलखातल्या लोकांवर अन्याय करणारे आहे. कड्याच्या माथ्यावरच्या लेणापूरच्या लोकांना, खाली गुरे चारणाऱ्या गुराख्यांना आणि जंगलातल्या भिल्लांना ती ठाऊकच होती. बाहेरच्या जगाकडे त्यांची वार्ता पोचत नव्हती, इतकेच.

ती वार्ता २८ एप्रिल १८१९ रोजी पोचली. मद्रासच्या सैन्यातल्या २८व्या घोडदळाचा जॉन स्मिथ हा अधिकारी वाघाच्या शिकारीसाठी या दरीत आला होता. समोरच्या कड्यावर त्याला दहाव्या लेण्याची कमान दिसली. आत जाऊन त्याने एका खांबावर, बुद्धाच्या जुन्या चित्राच्या अंगावरच, आपले नाव, पलटण आणि तारीख कोरली. तेव्हा आत पुरुषभर उंचीला थोडाच कमी इतका गाळ साचलेला होता आणि तो त्यावर उभा होता. गाळ काढल्यावर ती अक्षरे आता बघणाऱ्याच्या डोक्यावर गेली आहेत. अजिंठ्याच्या आधुनिक प्रवासाचा आरंभ असा एका चित्राला ओरखडा काढून झाला, आणि पुढची शंभर वर्षे आवडीने आलेल्यांनीच चित्रांना सर्वांत जास्त इजा केली.

सुरुवातीच्या वर्षांत तिथे जाणे सोपे नव्हते. मुलूख निजामाचा, वाट जंगलाची, वाघांचे भय खरे. १८२४ मध्ये लेफ्टनंट जेम्स अलेक्झांडर अशीच वाट तुडवत आला आणि त्याने लिहिलेला वृत्तांत लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने काही वर्षांनी छापला. १८२८ मध्ये ग्रेस्ली आणि राल्फ हे दोघे आले. पाहून गेलेला जो-तो लिहू लागला, वाचलेला येऊ लागला, आणि येणाऱ्याला आठवण म्हणून काहीतरी न्यावेसे वाटू लागले. लेणी दाखवायला सोबत येणारा स्थानिक नोकर साहेबाला खूश करण्यासाठी भिंतीवरची चित्रातली मुंडकी खरवडून हाती देई, अशी नोंद एकोणिसाव्या शतकातल्या लिखाणात आहे. डॉ. जेम्स बर्ड हे तर पुरातत्त्वात रस असलेले विद्वान गृहस्थ. संग्रहालयासाठी म्हणून त्यांनी सतराव्या लेण्यातल्या भवचक्राच्या चित्रातल्या आकृती सोलून काढल्या. वाटेतच गिलाव्याचा भुगा झाला. अशा रीतीने बाहेर गेलेला एक तुकडा आज अमेरिकेत बोस्टनच्या संग्रहालयात आहे.

तुकडा काढला की भुगा का व्हायचा, हे त्या चित्रांच्या घडणीवरून कळते. ती ओल्या चुन्यावर रंगवलेली नाहीत. कातळाच्या खडबडीत भिंतीवर आधी माती, शेण, भाताचे तूस, गवताचे तंतू आणि वाळू यांचा जाड गिलावा चढवला, त्यावर बारीक मातीचा दुसरा थर दिला, वर चुन्याचा पातळ हात फिरवला आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या बंधकात कालवलेले रंग लावले. गेरू, पिवडी, हिरवी खनिज माती, काजळी हे रंग जवळपास मिळणारे. निळा तेवढा लाजवर्दाचा, दूरच्या व्यापारातून आलेला. हा सगळा डोलारा कातळाला मातीच्या बळावर चिकटून आहे. पावसाळ्यातली ओल, तूस खाणारे किडे, वटवाघळांची विष्ठा आणि गर्दीच्या श्वासातली वाफ यांतले काहीही त्याला सोडवायला पुरेसे असते.

पाहणाऱ्यांच्या इतिहासाला वळण देणारा माणूस जेम्स फर्ग्युसन. नीळ-व्यापारात पैसा कमावून वास्तुकलेच्या अभ्यासात शिरलेल्या फर्ग्युसनने १८३९ मध्ये लेणी पाहिली आणि १८४३ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे भारतातल्या लेण्यांवर निबंध वाचला. चित्रे झपाट्याने नष्ट होत आहेत, त्यांच्या नकला तरी करून ठेवा, हा त्याचा आग्रह ईस्ट इंडिया कंपनीने मानला. १८४४ मध्ये मद्रास सैन्यातले कॅप्टन रॉबर्ट गिल यांची नेमणूक झाली. गिल अजिंठा गावात राहिले आणि १८६३ पर्यंत कॅनव्हासवर तैलरंगात नकला करत राहिले. मलेरिया, एकटेपणा, रंग व कॅनव्हासची टंचाई हे सगळे सोसून झालेले ते काम लंडनला गेले आणि सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडले गेले. डिसेंबर १८६६ मध्ये तिथे आग लागली आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच नकला वाचल्या. गिल पुढे छायाचित्रे काढत राहिले. १८७९ मध्ये ते वारले, भुसावळला त्यांची कबर आहे. अजिंठा गावातल्या पारो नावाच्या स्त्रीशी त्यांचे नाते होते आणि १८५६ मध्ये ती गेल्यावर तिच्या कबरीवर त्यांनी लेख कोरवला. ना. धों. महानोरांनी त्या दोघांवर ‘अजिंठा’ ही दीर्घ कविता लिहिली, तेव्हापासून मराठी वाचकांच्या मनात गिलपेक्षा पारोच अधिक जिवंत आहे.

गिल भिंतींसमोर बसले असताना मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड अक्षरांच्या शोधात होते. त्यांनी अजिंठ्यातल्या शिलालेखांचे ठसे घेतले आणि १८६३ मध्ये त्यांवरचा निबंध मुंबईच्या एशियाटिक सोसायटीपुढे ठेवला. वाकाटक राजांची नावे त्या लेखांतून पुढे आली. अजिंठा चित्रांसाठी पाहायला येणारे पुष्कळ होते. तो कोणी आणि कोणाच्या राज्यात घडवला हे विचारण्यासाठी आलेला हा पहिला मोठा भारतीय प्रवासी म्हणता येईल, आणि त्यांचे हे काम मराठीत जितके आठवले जावे तितके आठवले जात नाही. पुढे नागपूरच्या वा. वि. मिराशींनी सोळाव्या लेण्यातला वाकाटक राजा हरिषेणाचा अमात्य वराहदेव याचा लेख नव्याने वाचून प्रसिद्ध केला आणि वाकाटकांच्या इतिहासाला नीट आकार दिला.

१८६०च्या दशकात जळगाव-भुसावळच्या बाजूला रेल्वे आली आणि लेणी बैलगाडीच्या टप्प्यात आली. १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन हिवाळ्या-हिवाळ्याला येथे मुक्काम करू लागले. पेस्तनजी बोमनजी हे त्यांतले नावारूपाला आलेले चित्रकार. हे काम १८८५ पर्यंत चालले आणि सुमारे तीनशे चित्रे झाली. त्यांतली कित्येक लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात १८८५ मध्ये लागलेल्या आगीत जळाली. वाचलेल्यांवरून ग्रिफिथ्स यांचे दोन खंडांचे पुस्तक १८९६-९७ मध्ये निघाले. मात्र नकला करताना रंग उठून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर व्हार्निश फिरवले गेले. काही वर्षांत ते पिवळे, मग तपकिरी झाले आणि रंगांवर धुराच्या काचेसारखा पडदा बसला.

१९०९ ते १९११ या काळात क्रिस्टियाना हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्तीने लेण्यांजवळच्या फर्दापूर गावात तळ टाकला. तिच्या मदतीला नंदलाल बोस, असितकुमार हळदार, समरेंद्रनाथ गुप्त, के. वेंकटप्पा, सय्यद अहमद आणि मुहम्मद फझलुद्दीन हे तरुण होते. भगिनी निवेदिता आणि जगदीशचंद्र बसूही त्या दिवसांत येऊन गेले. बंगालमधल्या नव्या चित्रशैलीवर अजिंठ्याची रेषा उतरली ती याच मुक्कामांतून. त्यानंतर कांपो आराई हे जपानी चित्रकार आले. त्यांनी करून नेलेल्या नकला १९२३च्या भूकंपात तोक्योला नष्ट झाल्या. लंडनमध्ये दोनदा, तोक्योत एकदा: नक्कल करून मूळ वाचवता येईल ही आशा तीन वेळा राख झाली. उरले ते भिंतीवरचेच.

ते राखायची जबाबदारी निजाम सरकारने घेतली, ही गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. १९१४ मध्ये हैदराबाद संस्थानाचे पुरातत्त्व खाते सुरू झाले आणि गुलाम यझदानी त्याचे प्रमुख झाले. रस्ता झाला, फर्दापूरला विश्रामगृह झाले, लेण्यांना राखणदार मिळाले. १९२० मध्ये लोरेंझो चेक्कोनी आणि ओर्सिनी हे इटालियन तज्ज्ञ बोलावले गेले. सुटत चाललेल्या गिलाव्याच्या कडा त्यांनी बांधून घेतल्या, पोकळ जागा भरल्या, आणि त्या काळच्या पद्धतीप्रमाणे चित्रांवर लाखेचा हात दिला. त्यांच्यामुळे पुष्कळ चित्रे गळून पडण्यापासून वाचली. लाख मात्र पुढे काळवंडली. हेरिंगहॅमबरोबर काम केलेले सय्यद अहमद लेण्यांचे अभिरक्षक झाले. यझदानींचा ‘अजंता’ हा चार भागांचा ग्रंथ १९३० ते १९५५ या काळात पूर्ण झाला.

आता येणाऱ्यांची जातकुळी बदलली. नर्तकी ॲना पावलोव्हाने १९२३ मध्ये लंडनला अजिंठ्याच्या चित्रांवर बेतलेले नृत्य सादर केले. मुकुल दे यांनी अजिंठा आणि बाघ येथल्या आपल्या यात्रांचे पुस्तक १९२५ मध्ये प्रसिद्ध केले. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांनीही लेण्यांचा अभ्यास करून १९३२ मध्ये त्यांवर मार्गदर्शक ग्रंथ छापला. राजाने प्रवाशांसाठी पुस्तक लिहावे ही आपल्याकडे दुर्मीळ गोष्ट.

हैदराबाद भारतात सामील झाल्यावर १९५३ मध्ये लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडे आली. दुसऱ्याच वर्षी युनेस्कोने अजिंठ्याच्या चित्रांचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला, त्याला जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना होती. याच युनेस्कोने पुढे आस्वान धरणात बुडणारी इजिप्तमधली अबू सिंबेलची मंदिरे उचलून वर नेण्याची मोहीम चालवली. त्या अनुभवातून १६ नोव्हेंबर १९७२ रोजी जागतिक वारशाचा करार झाला. भारताने तो १९७७ मध्ये स्वीकारला आणि १९८३ मध्ये अजिंठा, वेरूळ, आग्र्याचा किल्ला आणि ताजमहाल ही भारतातली पहिली चार स्थळे जागतिक वारशाच्या यादीत आली.

यादीने लेण्यांना पैसा व लक्ष मिळवून दिले, आणि त्याहून जास्त गर्दी. एसटीने येणाऱ्या शाळांच्या सहली, जपान-श्रीलंकेहून आणि महाराष्ट्रातल्या गावोगावहून येणारे बौद्ध उपासक, विमानाने छत्रपती संभाजीनगरला उतरणारे परदेशी, सगळे त्याच अरुंद दारांतून आत जात. पूर्वी वेगळे तिकीट घेऊन प्रखर दिवे लावून घेता येत. त्या उष्णतेचा चित्रांना त्रास होतो हे उमगल्यावर मंद, थंड प्रकाश आला. फ्लॅश बंद झाला. चित्रे असलेल्या लेण्यांत एका वेळी मोजक्याच माणसांना सोडण्याची आणि आत जाताना पादत्राणे बाहेर ठेवण्याची पद्धत बसली. सोमवारी लेणी बंद असतात. जपानच्या कर्जसाहाय्याने १९९०च्या दशकापासून रस्ते, पाणी, वनीकरण आणि जतन यांची कामे झाली. खासगी गाड्या आता सुमारे चार किलोमीटर अलीकडे, टी पॉइंटला थांबवल्या जातात आणि तिथून पुढे बस नेते. स्फटिक आणि गारगोट्या विकणाऱ्यांची दुकानेही तिकडेच हलली. लेण्यांच्या पायऱ्यांशी डोली वाहणारे स्थानिक भोई मात्र अजून आहेत, आणि चढ न झेपणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना त्यांच्यामुळेच पहिल्या लेण्यातले बोधिसत्त्व पद्मपाणीचे चित्र पाहायला मिळते.

दरम्यान पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांनी विसाव्या शतकाच्या अखेरीपासून नवव्या-दहाव्या लेण्यांतली लाख, व्हार्निश आणि काजळी इंच-इंच करून उतरवली. तिच्याखालून सातवाहनकालीन मिरवणुकीतल्या, स्तूपापुढे जमलेल्या स्त्री-पुरुषांचे चेहरे, पागोटी आणि दागिने पुन्हा दिसू लागले. टी पॉइंटजवळ २०१३ मध्ये उघडलेल्या अभ्यागत केंद्रात १, २, १६ आणि १७ या लेण्यांच्या पूर्ण आकाराच्या प्रतिकृती उभारल्या गेल्या. तिथे वेळेची घाई नव्हती, दिवे हवे तितके लावता येत, आणि भिंतीला हात लागला तरी चालत असे.